संविधानावर सही नाकारली, नकाशाच्या कायद्यावर केली. अन् गेरी साहेबांचं नाव कायमचं बदनाम झालं

महापालिकेची निवडणूक जवळ आली की प्रभाग रचनेचा नकाशा बाहेर येतो. नकाशा आला की कट्ट्यावर चर्चा सुरू. अमुक सोसायटी तिकडं का ढकलली, नाल्यापलीकडची वस्ती इकडं का जोडली, हा नकाशा नक्की कुणाच्या सोयीचा काढलाय. मग हरकती, सुनावण्या, आरोप.

आपल्या सोयीनं मतदारसंघाच्या हद्दी कापायच्या या उद्योगाला इंग्रजीत एक शब्द आहे, जेरीमँडरिंग. अमेरिकेच्या राजकारणाच्या बातम्या बघत असाल तर हा शब्द कानावरून गेला असेलच. पण यातला जेरी कोण, हे विचारलं तर बऱ्याच जणांची विकेट पडते.

तर हा जेरी म्हणजे एल्ब्रिज गेरी. हो, नावाचा खरा उच्चार गेरीच. शब्द तोंडोतोंडी फिरत राहिला आणि गेरीचा जेरी झाला. म्हणजे ज्या शब्दामुळं माणूस जगाला माहीत झाला, त्या शब्दात त्याचं नावसुद्धा धड राहिलं नाही.

आणि हा माणूस साधासुधा नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. संविधान लिहायला बसलेल्या लोकांत तो होता. पुढं तो देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. पण लक्षात राहिली ती १८१२ सालची मॅसॅच्युसेट्सची निवडणूक. तीच गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

सुकटीच्या धंद्यातला पोरगा

१७ जुलै १७४४. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड नावाच्या बंदरात एल्ब्रिजचा जन्म झाला. तेव्हा अमेरिका नावाचा देश नव्हता, होत्या त्या इंग्रजांच्या वसाहती. वडील थॉमस गेरी यांचा जहाजांचा आणि माशांचा व्यापार. कॉड मासा खारवायचा, सुकवायचा आणि जहाजात भरून वेस्ट इंडीज आणि स्पेनला पाठवायचा. धंदा जोरात होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं.

चौदाव्या वर्षी एल्ब्रिज हार्वर्डला गेला. १७६२ मध्ये पदवी घेतली, १७६५ मध्ये त्याच्या पुढची. त्याच वर्षी इंग्रजांनी स्टॅम्प ॲक्ट आणला होता. कागदपत्रं, वर्तमानपत्रं, सगळ्यावर कर. वसाहतींतली जनता खवळली. एल्ब्रिजनं आपल्या पदवीसाठी विषयच हा घेतला की अशा कराला विरोध करावा. शिकून आल्यावर मात्र नोकरीच्या मागं न लागता तो वडिलांच्या पेढीवर बसला.

अंगकाठी बारीक, बोलताना थोडा अडखळायचा. भाषणं ठोकून सभा जिंकणारा गडी हा नव्हता. पण हिशोबाला पक्का, पत्रव्यवहारात वाघ आणि एकदा मत झालं की हटायचं नाही, हा स्वभाव. १७७२ मध्ये तो वसाहतीच्या विधिमंडळात निवडून गेला. तिथं त्याची गाठ पडली सॅम्युएल ॲडम्स यांच्याशी, जे इंग्रजांविरुद्धच्या चळवळीचे मोठे पुढारी होते. इथून गेरींचं राजकारण सुरू झालं.

देवीचा दवाखाना आणि जमावाची भीती

पुढं गेरींनी जे काही केलं ते समजून घ्यायचं असेल तर एक छोटा प्रसंग माहीत पाहिजे.

१७७३ मध्ये मार्बलहेडमध्ये देवीची साथ आली. तेव्हा लस निघाली नव्हती. देवी झालेल्या माणसाच्या फोडातला पू निरोगी माणसाला थोडासा टोचायचा, त्याला हलका आजार येऊ द्यायचा आणि त्यातून तो वाचायचा, अशी पद्धत होती. गेरी आणि गावातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी जवळच्या एका बेटावर यासाठी दवाखाना उभा केला. गावाला मात्र वाटलं की यामुळं रोग आणखी पसरेल. संशय वाढत गेला आणि १७७४ च्या जानेवारीत जमावानं तो दवाखाना जाळून टाकला.

गेरींना याचा इतका धक्का बसला की त्यांनी चळवळीच्या समितीचा राजीनामा दिला. लोकांच्या हक्कासाठी भांडायचं, पण जमावाच्या हातात सगळं द्यायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. आयुष्यभर हा माणूस दोन गोष्टींना घाबरला. एक म्हणजे सगळी सत्ता हातात घेतलेलं सरकार आणि दुसरा म्हणजे बेभान झालेला जमाव.

तरी राजकारण सुटलं नाही. बॉस्टन बंदर इंग्रजांनी बंद केलं तेव्हा शहरासाठी मदतीचं सामान मार्बलहेडला उतरायला लागलं. ते पुढं पोचवायचं काम गेरींनी अंगावर घेतलं आणि ते पुन्हा चळवळीत ओढले गेले.

१८ एप्रिल १७७५ ची रात्र. बंडखोरांसाठी दारूगोळा आणि रसद जमवणाऱ्या समितीची कामं उरकून गेरी दोन साथीदारांसोबत मेनोटमी गावातल्या एका खानावळीत मुक्कामाला होते. त्याच रात्री इंग्रजांची फौज त्याच रस्त्यानं लेक्सिंग्टन आणि काँकॉर्डकडं निघाली होती. फौज दारात आली तेव्हा हे तिघं झोपायच्या कपड्यांवरच मागच्या शेतात पळाले आणि थंडीत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. गेरी वाचले. त्यांच्यातले जेरेमाया ली मात्र आजारी पडले आणि महिन्याच्या आत वारले.

सही करणारा आणि सही न करणारा

१७७६ मध्ये गेरी काँटिनेंटल काँग्रेसमध्ये पोचले. स्वातंत्र्याच्या बाजूनं त्यांनी इतक्या ठामपणे काम केलं की जॉन ॲडम्स यांच्यासारखा कडक माणूस त्यांचं कौतुक करायचा. जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. त्यानंतर राज्यांना एकत्र बांधणाऱ्या पहिल्या करारावरही केली.

पण हट्टी स्वभाव जागेवरच होता. १७८० मध्ये एका वादावरून चिडून ते काँग्रेसमधून निघून गेले आणि तीन वर्षं फिरकले नाहीत.

१७८६ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याची मुलगी ॲन थॉम्पसन हिच्याशी लग्न केलं. ॲन त्यांच्यापेक्षा जवळपास वीस वर्षांनी लहान. नवराबायको केंब्रिज गावातल्या एल्मवूड नावाच्या वाड्यात राहायला गेले. आज त्या वाड्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांचं निवासस्थान आहे.

दुसऱ्याच वर्षी, १७८७ मध्ये, फिलाडेल्फियाला संविधान लिहायची परिषद भरली. लहान राज्यं आणि मोठी राज्यं यांच्यात प्रतिनिधित्वावरून जोरदार भांडण जुंपलं होतं. एका सभागृहात लोकसंख्येनुसार जागा आणि दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारख्या जागा, असा तोडगा निघाला. हा तोडगा मांडणाऱ्या समितीचे अध्यक्ष गेरी होते.

एवढं सगळं करून शेवटी सही करायची वेळ आली आणि गेरी अडले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. या मसुद्यात नागरिकांच्या हक्कांची यादी कुठंय? सरकारला अधिकार दिलेत, पण त्या अधिकारांच्या सीमा धड आखल्या नाहीत. हक्कांची यादी बनवायला समिती नेमा, अशी सूचना त्यांनी केली होती आणि ती सगळ्या राज्यांनी फेटाळली होती. शेवटच्या दिवशी हजर असून सही न करणारे फक्त तिघं होते. एडमंड रँडॉल्फ, जॉर्ज मेसन आणि एल्ब्रिज गेरी.

गावात त्यांना शिव्या बसल्या. पण चार वर्षांनी, १७९१ मध्ये, नागरिकांच्या हक्कांच्या पहिल्या दहा दुरुस्त्या संविधानात आल्या. भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, वर्तमानपत्रांचं स्वातंत्र्य. ज्या गोष्टीसाठी सही अडवली ती गोष्ट झाली. तोवर गेरी नव्या संसदेत निवडूनही गेले होते आणि दुरुस्त्यांवरच्या चर्चेतही होते.

फ्रान्सचा फटका

१७९७ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेचं वाजलं. फ्रेंच जहाजं अमेरिकन व्यापारी जहाजं पकडायला लागली. तेव्हा जॉन ॲडम्स राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी बोलणी करायला तीन माणसं पाठवली. जॉन मार्शल, चार्ल्स पिंकनी आणि आपले गेरी.

तिकडं गेल्यावर परराष्ट्रमंत्री तालेराँ यांच्या दलालांनी चर्चेआधीच मोठी लाच मागितली. अमेरिकेत कागदपत्रं छापताना या दलालांच्या नावांऐवजी एक्स, वाय, झेड अशी अक्षरं टाकली, म्हणून या प्रकरणाला एक्सवायझेड प्रकरण म्हणतात. मार्शल आणि पिंकनी संतापून निघून गेले. गेरी मागं थांबले. कारण तिघंही गेले तर युद्ध होईल, अशी तंबी त्यांना मिळाली होती.

घरी मात्र बोंब झाली. तेव्हा अमेरिकेत दोन गट पडले होते. व्यापारी, इंग्लंडकडं झुकलेले फेडरलिस्ट आणि जेफरसन यांच्या विचारांचे रिपब्लिकन. आजचा रिपब्लिकन पक्ष तो हा नव्हे, नाव सारखं आहे एवढंच. फेडरलिस्टांनी गेरींना फ्रान्सचा माणूस ठरवलं, त्यांचे पुतळे जाळले. गेरींनी परत येऊन सांगितलं की फ्रान्सला युद्ध नकोय. ॲडम्स यांनी पुन्हा बोलणी सुरू केली आणि १८०० मध्ये तह झाला. म्हणजे गेरी चुकले नव्हते. पण फेडरलिस्टांबद्दलचा राग त्यांच्या मनात घर करून बसला आणि ते रिपब्लिकनांकडं गेले.

गव्हर्नरपदासाठी चार वेळा आपटले

मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा गव्हर्नरची निवडणूक दरवर्षी व्हायची. हो, दरवर्षी. मत द्यायचा हक्क मालमत्ता असलेल्या पुरुषांनाच. रिपब्लिकनांनी १८०० मध्ये गेरींना उभं केलं. समोर फेडरलिस्ट कॅलेब स्ट्राँग. गेरी पडले. १८०१ मध्ये पडले. १८०२ मध्ये पडले. १८०३ मध्येही पडले. मग ते घरी बसले. त्यात भावाच्या भानगडी. मार्बलहेडच्या बंदरात जकात वसूल करणाऱ्या भावावर सरकारी पैशाची देणी चढली. त्याला जामीन गेरी होते. श्रीमंत व्यापाऱ्याची संपत्ती हळूहळू त्यात जायला लागली.

१८१० मध्ये त्यांना पुन्हा तिकीट मिळालं. या वेळी फेडरलिस्ट गव्हर्नर ख्रिस्तोफर गोर यांना हरवून ते जिंकले. वय होतं ६५. पहिलं वर्ष त्यांनी सबुरीनं काढलं. विरोधकांना पदावरून हाकललं नाही, सगळ्यांना सोबत घेऊन जायची भाषा केली. १८११ मध्ये गोर यांना पुन्हा हरवलं.

आणि मग चित्र पालटलं. युरोपात नेपोलियनची युद्धं सुरू होती. इंग्लंड अमेरिकन जहाजं अडवत होतं, खलाशी पळवत होतं. अमेरिका आणि इंग्लंड युद्धाच्या उंबरठ्यावर होते. रिपब्लिकन इंग्लंडला धडा शिकवायच्या मूडमध्ये होते. फेडरलिस्टांचा सगळा धंदा समुद्री व्यापाराचा, त्यांना युद्ध नको होतं. बॉस्टनच्या सभेत फेडरलिस्टांनी केंद्राचे व्यापारी कायदे मोडण्यापर्यंतची भाषा केली आणि गेरींच्या डोक्यात जुनी घंटा वाजली. त्यांना वाटलं, ही माणसं देश फोडणार.

मग सबुरी संपली. सरकारी पदांवरून फेडरलिस्ट हटवून तिथं आपली माणसं बसवायचं सत्र सुरू झालं. बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत किती बदनामीकारक मजकूर छापलाय, याची त्यांनी मोजणी करून घेतली आणि विधिमंडळाला त्यावर खास संदेश पाठवला. ज्या माणसानं नागरिकांच्या हक्कांसाठी संविधानावर सही अडवली, तोच आता संपादकांच्या मागं लागला होता.

नकाशाला पंख कसे फुटले?

आता मुख्य विषय. मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटमध्ये ४० जागा होत्या. सिनेटर निवडायचे मतदारसंघ साधारण काउंट्यांच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांच्या, हद्दीनुसार असायचे. दोन्ही पक्षांची ताकद राज्यात जवळजवळ सारखी. थोडं वारं फिरलं तर सत्ता जाणार. विधिमंडळ हातात होतं, तेव्हा रिपब्लिकनांनी नवा कायदा आणला आणि मतदारसंघ नव्यानं कापले. ११ फेब्रुवारी १८१२ ला गव्हर्नर गेरींनी त्यावर सही केली.

सगळ्यात अजब तुकडा होता एसेक्स काउंटीत. हा फेडरलिस्टांचा बालेकिल्ला. तिथं चेल्सीपासून सुरू होऊन लिन, मार्बलहेड, सेलम असं करत, डॅनव्हर्स, अँडोव्हर, हॅव्हरहिलवरून वळसा घेऊन थेट समुद्राकाठच्या सॅलिसबरीपर्यंत जाणारा एक लांबुळका, वाकडा मतदारसंघ तयार झाला. उरलेली गावं त्याच्या मिठीत. गेरींचं जन्मगाव मार्बलहेड या तुकड्यातच होतं.

बॉस्टनच्या फेडरलिस्ट मंडळींना हा आकार बघून हसावं की रडावं कळेना. २६ मार्चला बॉस्टन गॅझेटमध्ये एक व्यंगचित्र आलं. नकाशा तोच, पण त्याला डोकं, पंजे आणि पंख काढलेले. चित्रकाराचं नाव एल्काना टिस्डेल असं मानलं जातं. सरड्यासारख्या दिसणाऱ्या सॅलमँडर या प्राण्याचं नाव आणि गव्हर्नरांचं आडनाव यांची जोडी लावून त्या राक्षसाचं बारसं केलं, गेरीमँडर.

बाकीच्या फेडरलिस्ट पत्रांनी ते उचललं. आजच्या भाषेत सांगायचं तर मीम व्हायरल झालं.

हे काम कसं करतात, ते सोप्या गणितात बघा. समजा गावात ५० मतदार आहेत. लाल पार्टीचे ३० आणि पिवळ्या पार्टीचे २०. वॉर्ड ५, प्रत्येकी १० मतदार. नकाशा पिवळ्या पार्टीच्या हातात आहे. तिनं काय करायचं? दोन वॉर्डांत सगळे १० च्या १० लाल कोंबायचे. तिथं लाल पार्टी दणदणीत जिंकणार, जिंकू द्या. आता लालचे राहिले १० आणि पिवळ्याचे २०. उरलेल्या तीन वॉर्डांत लालचे ३, ३ आणि ४ असे फोडून टाकायचे. तिन्ही ठिकाणी पिवळे ७, ७ आणि ६. निकाल? पिवळी पार्टी ३, लाल पार्टी २. कमी मतं आणि सत्ता खिशात. एकही मत चोरलं नाही, एकही पेटी पळवली नाही. फक्त कोंबायचं आणि फोडायचं.

एकच दिवस, तेच मतदार, दोन निकाल

एप्रिल १८१२ मध्ये मतदान झालं. त्याच दिवशी गव्हर्नरचं आणि सिनेटचं. गेरींच्या समोर फेडरलिस्टांनी जुना गडी परत आणला होता, कॅलेब स्ट्राँग, ज्यांनी त्यांना पूर्वी चार वेळा पाडलं होतं.

सिनेटचा निकाल बघा. रिपब्लिकनांना राज्यभरात ५०,१६४ मतं मिळाली. फेडरलिस्टांना ५१,७६६. म्हणजे फेडरलिस्ट दीड हजारांहून जास्त मतांनी पुढं. जागा किती? रिपब्लिकन २९, फेडरलिस्ट ११. नकाशानं आपलं काम चोख केलं होतं.

पण गव्हर्नरच्या निवडणुकीत अडचण अशी असते की सगळं राज्य हाच एक मतदारसंघ. तिथं कोंबायला आणि फोडायला काही नसतं. जेवढी डोकी तेवढी मतं. तिथं गेरी पडले. जवळपास तितक्याच थोड्या फरकानं, एक-दीड हजार मतांनी. स्ट्राँग पाचव्यांदा त्यांना भारी पडले.

थोडक्यात काय, ज्या नकाशाला गेरींचं नाव लागलं, त्या नकाशानं त्यांचा पक्ष तरला आणि ते स्वतः बुडाले.

बरं, हा नकाशा गेरींनी काढला होता का? नाही. तो विधिमंडळातल्या त्यांच्या पक्षाच्या लोकांनी काढला. पुढं त्यांचं चरित्र त्यांच्या जावयानं लिहिलं. त्यात म्हटलंय की सासऱ्यांना हा कायदा आवडला नव्हता, त्यांनी नाइलाजानं सही केली. जावई सासऱ्याची बाजू घेणार, हे धरून चाला. पण एक गोष्ट उरतेच. नावडत्या कागदावर सही न करणं म्हणजे काय, हे अमेरिकेत गेरींइतकं कुणालाच माहीत नव्हतं. १७८७ मध्ये त्यांनी ते करून दाखवलं होतं. १८१२ मध्ये केलं नाही.

आणि ही युक्ती त्यांच्या काळातही नवी नव्हती. १७८९ च्या पहिल्या संसदीय निवडणुकीत व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री यांच्या गटानं जेम्स मॅडिसन पडावेत असा मतदारसंघ आखल्याचा आरोप झाला होता. मॅडिसन तरीही जिंकले. त्या उद्योगाला पॅट्रिक हेन्रींचं नाव पडलं नाही, कारण तेव्हा कुणी चित्र काढलं नव्हतं.

बग्गीतला शेवट

पद गेलं, पैसा गेला. कर्जात बुडालेल्या गेरींनी केंद्रात एखादं पद मिळावं म्हणून प्रयत्न केले. १८१२ मध्येच राष्ट्राध्यक्ष मॅडिसन दुसऱ्यांदा उभे राहिले आणि त्यांना उत्तरेकडचा उपराष्ट्राध्यक्ष हवा होता. आधी न्यू हॅम्पशायरचे जॉन लँगडन यांना विचारलं, ते नाही म्हणाले. मग नंबर गेरींचा लागला. जोडी जिंकली आणि मार्च १८१३ मध्ये गेरी उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचं स्वतःचं राज्य मॅसॅच्युसेट्स मात्र विरोधी उमेदवाराच्या पाठीशी उभं राहिलं.

तोवर इंग्लंडशी युद्ध पेटलं होतं. १८१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टनमध्ये घुसून संसद आणि राष्ट्राध्यक्षांचं घर जाळलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २३ नोव्हेंबर १८१४ ला, सत्तर वर्षांचे गेरी सिनेटच्या कामाला बग्गीतून निघाले आणि वाटेतच त्यांना मरण आलं. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी वॉशिंग्टन शहरात दफन झालेले ते एकटेच.

मागं राहिली ॲन, मुलं आणि कर्ज. उपराष्ट्राध्यक्षांचा उरलेल्या मुदतीचा पगार त्यांच्या पत्नीला द्यावा, असा प्रस्ताव सिनेटनं मान्य केला, पण कनिष्ठ सभागृहानं तो फेटाळला. ॲन १८४९ पर्यंत जगली. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांच्या विधवांमध्ये सगळ्यात शेवटी गेली ती ती. तोवर नवऱ्याचं नाव राजकारणातली शिवी होऊन बसलं होतं, आणि हे तिनं जिवंतपणी ऐकलं.

आज काय परिस्थिती आहे?

मॅसॅच्युसेट्सचा तो नकाशा फार टिकला नाही. फेडरलिस्टांच्या हातात सूत्रं आल्यावर तो रद्द झाला. शब्द मात्र टिकला.

अमेरिकेत आजही बहुतेक राज्यांत मतदारसंघ आखायचं काम राज्याचं विधिमंडळच करतं. म्हणजे ज्यांना निवडून यायचंय, तेच हद्द कुठून जाणार हे ठरवतात. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की हा खेळ नव्यानं सुरू होतो. पूर्वी कागद आणि शाई होती, आता घराघराची माहिती भरलेले कॉम्प्युटर आहेत. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा कापल्याच्या तक्रारी केंद्रीय न्यायालयं सोडवू शकत नाहीत.

आपल्याकडं लोकसभा आणि विधानसभेचे मतदारसंघ आखायला वेगळा आयोग नेमला जातो आणि त्याच्या अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. पहिला आयोग १९५२ मध्ये नेमला गेला. मतदारसंघ आखायचं काम त्या जागांवरून लढणाऱ्यांच्या हातात राहू नये, हा त्यामागचा विचार. तरी वाद होतातच, कारण रेष कुठूनही काढली तरी कुणाच्या तरी अंगणातून जाते.

एल्ब्रिज गेरींनी आयुष्यात बऱ्याच कागदांवर सह्या केल्या. त्यातल्या एकीनं देश स्वतंत्र झाला. एक सही त्यांनी अडवली आणि नागरिकांच्या हक्कांचा आग्रह इतिहासात नोंदला गेला. लोकांना लक्षात राहिली ती तिसरी, जी ते नाकारू शकले असते.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या प्रभागाचा नकाशा लागला की नुसता फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आपली गल्ली कुणाबरोबर जोडली आणि कुणापासून तोडली ते बघा, कारण शोधा आणि पटत नसेल तर हरकतीची मुदत संपायच्या आत हरकत नोंदवा. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी तो नकाशा नीट बघितला होता, म्हणून तर त्यांना त्याचे पंख दिसले.